इंडियोला तोतरं कोणी केलं?

स्पॅनिश भाषेतलं साहित्य म्हटलं की आपल्याकडच्या साहित्यिक मंडळींच्या तोंडात चार नावं कायमची बसलेली आहेत. मार्क्वेझ, बोर्हेस, नेरूदा, फार तर कोर्तासार. 'जादुई वास्तववाद' हा शब्द तर परिसंवादातून इतका वापरला गेला की आता तो कुणालाही, कशालाही लावावा. १९६० नंतर लॅटिन अमेरिकन कादंबरीचा जो 'बूम' झाला, युरोप-अमेरिकेतल्या प्रकाशकांनी जो डोक्यावर घेतला, तेवढ्यावर आपली ओळख थांबते. पण त्या मुलखात ओझी वाहणारी, खाणीत मरणारी, दुसऱ्याची जमीन नांगरणारी माणसं कोण होती, ती पुस्तकात आली का, आली तर कोणाच्या तोंडानं बोलली, हे कोणी विचारत नाही. प्रस्थापितांना ते विचारायची गरज नाही. आपल्याला आहे.

पेरू, इक्वेडोर, बोलिव्हिया हा आन्देस डोंगराचा मुलूख. इथल्या मूळच्या माणसाला स्पॅनिश लोक 'इंडियो' म्हणाले. कोलंबसाला वाटलं आपण हिंदुस्थानला पोचलो, त्यातून हे नाव पडलं आणि पुढं शिवी झालं. १९६९ साली पेरूमध्ये जनरल वेलास्कोच्या लष्करी सरकारनं जमीनसुधारणेचा कायदा केला तेव्हा २४ जूनचा 'इंडियो दिन' बदलून 'शेतकरी दिन' केला. शब्द बदलला की माणूस बदलतो अशी सरकारांची समजूत असते. नाव कोण ठेवतं आणि कोण पुसतं याचा 'हरिजन' शब्दापायी आपल्याला पुरेसा अनुभव आहे, म्हणून जास्त बोलत नाही. इथं मी 'इंडियो' हाच शब्द वापरतो, कारण ज्या पुस्तकांबद्दल बोलायचं त्यांतून तोच आहे.

या इंडियोबद्दल स्पॅनिशमधून लिहिण्याची एक मोठी चळवळ झाली. तिला 'इंडिजेनिस्मो' म्हणतात. लिहिणारे बहुतेक गोरे किंवा मिश्र रक्ताचे 'मेस्तिसो', शहरातले, शिकलेले. ज्यांच्याबद्दल लिहिलं ते केचुआ बोलणारे, आणि बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पेरूमध्ये निरक्षराला मतसुद्धा नव्हतं, ते १९७९ च्या घटनेनं मिळालं. म्हणजे ज्याच्यावर कादंबरी लिहिली तो ती वाचू शकत नव्हता, आणि ज्या सरकारला जागं करण्यासाठी लिहिली ते सरकार तो निवडू शकत नव्हता. सगळा व्यवहार त्याच्या डोक्यावरून चाललेला.

सुरुवात क्लोरिंदा मातो दे तुर्नेर या कुस्कोकडच्या बाईपासून धरतात. तिची 'घरटं नसलेले पक्षी' ही कादंबरी १८८९ ची. बाई धीट होती यात शंका नाही. गावचा पाद्री, न्यायाधीश आणि गव्हर्नर हे तिघं मिळून इंडियोला कसं सोलतात ते तिनं उघड लिहिलं. आर्चबिशपनं तिला धर्मबहिष्कृत केलं. १८९५ च्या राजकीय धुमाळीत तिचं घर-छापखाना लुटला, तिला देश सोडावा लागला, ती ब्वेनोस आइरेसमध्ये वारली. हे सगळं मान्य. पण पुस्तक उघडून बघा. हुआन आणि मार्सेला युपांकी हे इंडियो जोडपं मदत मागायला एका भल्या गोऱ्या बाईकडं येतं, आणि थोड्याच पानांत दोघंही मरून जातात. त्यांच्या मुलींना ते भलं कुटुंब पदराखाली घेतं. मग उरलेली कादंबरी प्रेमकथेची. शेवटी कळतं की प्रेम करणारे दोघंही एकाच पाद्र्याची, पुढं बिशप झालेल्याची, पोरं आहेत. इंडियो मेला, त्याची पोर दत्तक गेली, आणि पाद्र्याचं पाप हा विषय झाला. करुणेचं साहित्य बहुधा असंच असतं. ज्याच्यावर करुणा करायची त्याला लवकर मारलं की पुढं सोपं जातं.

मग १९३४ साली इक्वेडोरच्या होर्खे इकासाची 'वासिपुंगो' आली. हिच्यात करुणा नाही. हिचा दणका आजही बसतो. वासिपुंगो म्हणजे जमीनदारानं इंडियोला राबण्याच्या बदल्यात कसायला दिलेला जमिनीचा तुकडा. मालकी नाही, फक्त राबणूक. वाचताना हाडकी-हाडवळ्याची आठवण येईल, पण फरकही आहे. इथं वर सरकार नाही, थेट जमीनदारच. दोन्ही एक करू नयेत.

या कादंबरीत एक प्रसंग असा आहे की आपल्यापैकी कोणालाही तो वाचून दाखवायची गरज नाही. जमीनदाराचा एक बैल मरतो. इंडियो त्याचं मांस मागतात. जमीनदार म्हणतो पुरून टाका, यांना मांसाची चटक लागली तर उद्या माझी जितराबं मारतील. उपाशी माणसं रात्री जाऊन तो सडका बैल उकरून काढतात. आन्द्रेस चिलिकिंगा ते मांस घरी आणतो. बायको, पोर, सगळे खातात. बायको कुन्शी त्यानं मरते. आता तिला पुरायचं तर पाद्री जागेचा भाव सांगतो. चर्चच्या जवळची जागा महाग, कारण तिथून आत्मा सरळ स्वर्गात. मधली जागा जरा स्वस्त. अगदी मागची, काट्याकुट्यातली, सर्वांत स्वस्त, पण तिथून नरक. आन्द्रेस बायकोला स्वर्ग मिळावा म्हणून चोरी करतो आणि पकडला जाऊन फटके खातो. शेवटी रस्ता होतो, परदेशी कंपनी येते, तिच्यासाठी वासिपुंगो उठवले जातात. इंडियो उठतात, पलटण येते, गोळ्या घालते.

मढ्याच्या जागेचा हा भाव लिहिणारा लेखक लहान नाही. पण 'वासिपुंगो' वाचून मी जिथं अडलो ते सांगतो. या कादंबरीतला इंडियो बोलतो कसा? तोतरा. मोडक्या स्पॅनिशमध्ये, अर्धी वाक्यं, 'मालक, मालक', कण्हणं, ओरडणं. दुःख झालं की जनावरासारखा हंबरतो. बायको मेल्यावरचा त्याचा आक्रोश आहे, तो मोठा आहे, पण तोही मोडक्या भाषेतच. आता असं बघा, मालकाशी बोलताना तो मोडकं स्पॅनिश बोलेल हे खरं. पण घरी? रात्री चुलीपाशी बायकोशी? तिथं तर तो केचुआत बोलतो, आणि आपल्या भाषेत कोणीच तोतरा नसतो. आपल्या भाषेत तो थट्टा करतो, टोमणे मारतो, भांडतो, पोराला गोष्ट सांगतो. इकासाला ते ऐकू आलं नाही. त्याला इंडियोचं फक्त मालकासमोरचं बोलणं ऐकू आलं, म्हणजे त्यानं मालकाच्या कानानं ऐकलं. राग इंडियोच्या बाजूचा, कान मालकाचा. आपल्याकडच्या ग्रामीण कथेत महारामांगाच्या तोंडी जे 'व्हय जी, न्हाय जी' घातलं गेलं आणि ज्यावर वर्ग खळखळून हसले, तेही याच कानाचं काम.

सिरो आलेग्रिआची 'जग विशाल आहे आणि परकं' ही १९४१ ची. चिलीमध्ये हद्दपारीत लिहिली, न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचं बक्षीस मिळालं. तिच्यात रूमी गावचा म्हातारा प्रमुख रोसेन्दो माकी आहे, आणि त्याला लेखकानं अब्रू दिली आहे. गावाची सामुदायिक जमीन आमेनाबार नावाचा जमीनदार कोर्टाच्या कागदांनी गिळतो आणि रोसेन्दो तुरुंगात मरतो. कागद वाचता न येणाऱ्या गावाचा कागदानं घेतलेला जीव या पुस्तकात नीट आला आहे. पण लांबण फार, आणि माणसं चांगली म्हणजे चांगलीच.

या सगळ्या चळवळीची खरी तपासणी कोणी केली असेल तर ती खोसे कार्लोस मारिआतेगीनं, आणि तीही १९२८ सालीच, म्हणजे इकासाच्या आधी. हा माणूस शाळा फारशी न शिकलेला, छापखान्यात कामाला लागून पत्रकार झालेला, मार्क्सवादी. १९२४ साली त्याचा पाय कापावा लागला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. त्या खुर्चीतून त्यानं १९२६ पासून 'अमाउता' हे नियतकालिक चालवलं. १९३० साली तो गेला तेव्हा पस्तिशीत होता. अनियतकालिकं काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नाव पाठ करावं. 'पेरूच्या वास्तवाचे सात अन्वयार्थ' या त्याच्या पुस्तकात त्यानं दोन गोष्टी मांडल्या. एक, इंडियोचा प्रश्न शिक्षणाचा नाही, नीतीचा नाही, दयेचा तर नाहीच. तो जमिनीचा आहे. दुसरी गोष्ट साहित्याची. तो म्हणतो की हे इंडियोवरचं साहित्य मेस्तिसोंचं आहे, म्हणून त्याला इंडियोचं साहित्य म्हणू नका. इंडियोचं स्वतःचं साहित्य इंडियो लिहू लागेल तेव्हा येईल.

सहानुभूती की स्वानुभूती यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं जे भांडण चाललं ते लिमा शहरातल्या एका खुर्चीतल्या माणसानं इतक्या आधी चार ओळींत मांडून ठेवलं होतं. आणि त्यानं ते शत्रू म्हणून मांडलं नाही. इंडिजेनिस्मोचा तो स्वतः पाठीराखा होता. आपल्या बाजूच्या लेखकांना 'तुम्ही ते नाही' असं सांगायला छाती लागते.

यानंतर खोसे मारिआ आर्गेदास येतो आणि हे सगळे कप्पे मोडतात.

आर्गेदास १९११ साली आन्दावायलासला जन्मला. बाप वकील, गोरा. म्हणजे जन्मानं तो इंडियो नव्हे. आई लहानपणीच वारली. बापानं एका पैसेवाल्या जमीनदारणीशी लग्न केलं आणि स्वतः कामानिमित्त बाहेर. सावत्र आईनं पोराला इंडियो नोकरांबरोबर स्वयंपाकघरात टाकलं. तिथंच जेवायचं, तिथंच पीठ मळायच्या लाकडी परातीत झोपायचं. ज्यांना ती बाई तुच्छ मानायची त्यांनी या पोराला सांभाळलं. त्यांचीच भाषा त्याच्या जिभेवर बसली, केचुआ. मालकाच्या घरातलं पोर नोकरांच्या चुलीपाशी वाढलं.

याला आपला म्हणायचं का? मी म्हणत नाही. परातीतून उठून तो पुढं विद्यापीठात गेला, मानववंशशास्त्रज्ञ झाला, सरकारी संग्रहालयाचा संचालक झाला. त्या स्वयंपाकघरातले बाकीचे गेले नाहीत. गोऱ्या कातडीनं त्याला बाहेरची वाट दिली. हे तो स्वतःही विसरला नाही. पण जन्माचा दाखला तपासून समीक्षा संपत नाही, पुस्तक तपासावं लागतं. आणि पुस्तकात त्यानं जे केलं ते त्याच्या आधी कोणी केलं नव्हतं.

अडचण त्याच्यापुढं भाषेचीच होती. केचुआत लिहावं तर वाचणार कोण? स्पॅनिशमध्ये लिहावं तर इंडियो पुन्हा तोतरा होणार किंवा लिमाच्या वकिलासारखा बोलणार. १९५० साली एका लेखात त्यानं ही झटापट सांगितली आहे. 'पाणी' हा त्याचा पहिला कथासंग्रह १९३५ चा. इंडिजेनिस्मोची पुस्तकं वाचून त्याला संताप आला होता की ही माणसं अशी नाहीत, मी त्यांच्यात राहिलोय. आणि लिहायला बसला तर त्याचीही पहिली खर्डेघाशी तशीच खोटी निघाली. मग त्यानं स्पॅनिशच वाकवली. केचुआ वाक्याची चाल स्पॅनिश शब्दांत घातली, क्रियापदं हलवली. म्हणजे इंडियोला स्पॅनिश येत नाही असं न दाखवता स्पॅनिशलाच केचुआ शिकायला लावलं. पुढं 'खोल नद्या'मध्ये त्यानं हा आडमुठेपणाही सोडला आणि भाषा निवळली, पण खालचा ताल केचुआचाच राहिला. या पुस्तकांतला इंडियो तोतरा नाही. तोतरा झाला तर वाचणारा होतो.

'यावार फिएस्ता' ही १९४१ ची कादंबरी. पुकियो गावातल्या चार वस्त्यांचे इंडियो दरवर्षी बैलाशी झुंजतात, सुरुंग घेऊन, दारू पिऊन, रक्त सांडून. सरकार म्हणतं हे रानटी, बंद करा, लिमाहून स्पॅनिश झुंजार आणा. गावातून शिकून शहरात गेलेली, चळवळीत पडलेली पोरंही सरकारच्या बाजूनं बोलतात, आपल्या लोकांच्या भल्यासाठी. शेवटी तो भाडोत्री झुंजार पळतो आणि इंडियो रिंगणात उतरतात. मला इथं लेखकाशी भांडावंसं वाटतं. बैलाच्या शिंगावर मरणारा इंडियोच, आणि माडीवरून बघणारे मालक. त्या परंपरेचा अभिमान कसा धरायचा? आपण तर आपल्यावर लादलेल्या परंपरा जाळून बाहेर आलो. पण आर्गेदास एक खोचक गोष्ट दाखवतो. वस्तीतल्या लोकांना त्या दिवशी मालकाला आपली ताकद दाखवायची असते. बंदी घालणाऱ्यांना रक्ताची काळजी नाही, त्या ताकदीची भीती आहे. उत्तर त्यानं दिलेलं नाही, आणि आपल्याकडंही ते तयार आहे असं मला वाटत नाही.

'खोल नद्या' १९५८ ची, आणि माझ्या मते त्याची सर्वांत मोठी. एर्नेस्तो नावाचा चौदा वर्षांचा पोरगा आबान्काय गावच्या पाद्र्यांच्या वसतिगृहात. गावात मिठाचा साठा दडवलेला. ताडीसारखी चिचा विकणाऱ्या बायका दोन्या फेलिपा नावाच्या बाईच्या मागं उठतात, मीठ फोडून वाटतात आणि हसिएन्दावरच्या वेठबिगार इंडियोंपर्यंतही पोचवतात. नंतर चाबूक मारून ते मीठ त्यांच्याकडून परत काढून घेतलं जातं. हे वेठबिगार इतके दबलेले की पोरगा त्यांच्याशी केचुआत बोलायला जातो तर ते दार लावून घेतात. आणि हेच लोक, साथीचा ताप आल्यावर, आपल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना झालीच पाहिजे म्हणून हजारोंनी गावावर चालून येतात आणि बंदुकांनाही थांबत नाहीत. मिठासाठी उठले नाहीत, प्रार्थनेसाठी उठले! वाचताना चीड येते. आर्गेदासनं पुढं स्वतः सांगितलं की जे लोक अशा श्रद्धेपायी गोळीला भीत नाहीत ते उद्या दुसऱ्या कारणासाठीही भिणार नाहीत. हे मला अर्धंच पटतं. श्रद्धेनं उठलेला माणूस प्रार्थना आटोपून परत वेठीला जातो, आणि कादंबरीतही ते परतच जातात.

पण १९६५ साली त्यानं केचुआत छापलेली 'पोंगोचं स्वप्न' ही गोष्ट घ्या. लिमात एका इंडियोकडून ऐकलेली. पोंगो म्हणजे मालकाच्या वाड्यावर पाळीनं फुकट राबणारा. हा एक अगदी किरकोळ माणूस. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी मालक सगळ्यांसमोर त्याला कुत्र्यासारखं भुंकायला लावतो. एक दिवस पोंगो म्हणतो, मालक, मला स्वप्न पडलं. आपण दोघं मेलो, आणि उघडेनागडे संत फ्रान्सिसपुढं उभे राहिलो. संतानं सर्वांत देखण्या देवदूताला बोलावलं आणि सोन्याच्या भांड्यातला मध तुमच्या अंगाला माखायला लावला. मालक खूश. मग सर्वांत म्हाताऱ्या, टाकाऊ देवदूताला बोलावून डब्यातला माणसाचा गू माझ्या अंगाला फासायला लावला. मालक म्हणतो, बरोबरच आहे, पुढं? पुढं संतानं आपल्या दोघांकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, आता एकमेकांना चाटा. सावकाश, पुष्कळ वेळ. आणि त्या म्हाताऱ्या देवदूताला पहाऱ्यावर ठेवलं.

संपली गोष्ट. अडीच-तीन पानं. हा माणूस तोतरा आहे का? मालकाची परवानगी घेऊन, नम्रपणे, 'मालक' म्हणत म्हणत त्यानं मालकाला सगळ्या नोकरांसमोर गू चाटायला लावला. इकासाच्या अख्ख्या कादंबरीत असा एक माणूस नाही. आणि ही अक्कल आर्गेदासची नव्हे, सांगणाऱ्या इंडियोची. आर्गेदासचं मोठेपण एवढंच की त्याचा कान साफ होता.

त्याच १९६५ च्या २३ जूनला लिमामध्ये एका संशोधन संस्थेत त्याच्या 'सगळी रक्तं' या कादंबरीवर चर्चा ठेवली. समाजशास्त्रज्ञ आले, समीक्षक आले. आन्री फाव्र या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं पडलं की मी आन्देसमध्ये महिनोन्‌महिने काढले, मला इंडियो दिसलेच नाहीत, शोषित शेतकरी दिसले. आनीबाल किहानोनंही पुस्तकातलं समाजाचं चित्र मानलं नाही. सगळे डावे, सगळे इंडियोच्या हिताचे. आर्गेदास म्हणत राहिला, मी हे जगलोय. त्या रात्री त्यानं लिहून ठेवलं की माझं पुस्तक निरुपयोगी ठरलं, आता जगून काय करू. त्या बैठकीची ध्वनिफीत पुढं १९८५ साली पुस्तक म्हणून छापली गेली, नाव 'मी फुकट जगलो का?'. गंमत म्हणजे हाच किहानो पुढं वसाहतवादी सत्तेचा मोठा सिद्धांतकार झाला आणि उतारवयात आर्गेदासच्या नावाच्या गाठीबद्दल बोलू लागला. वर्ग की वंश, शेतकरी की इंडियो, हे भांडण आपल्याला नवं नाही. पण त्या टेबलाभोवती एकही इंडियो नव्हता, हे कोणी बोललं नाही.

वर बूमवाल्यांशीही त्याचं वाजलं. कोर्तासार पॅरिसमध्ये राहून म्हणाला, लांबून बघितलं की आपला खंड जास्त नीट दिसतो, मातीला चिकटून राहिलेलं लेखन कोतं होतं. आर्गेदासनं १९६८ साली उत्तर दिलं की आम्ही धंदेवाईक लेखक नव्हे. १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये विद्यापीठात त्यानं स्वतःवर गोळी झाडली, २ डिसेंबरला मेला. अर्धवट राहिलेली कादंबरी १९७१ साली आली. चिम्बोते हे मासळीची भुकटी करणारं बंदर, डोंगरातून उतरलेल्या इंडियोंनी भरलेलं. तिच्यात एस्तेबान नावाचा जुना खाणकामगार आहे. छातीत कोळसा भरलेला. एका मांत्रिकानं सांगितलंय की ठराविक वजनाचा कोळसा थुंकलास तर जगशील. तो वर्तमानपत्रावर काळं थुंकतो आणि तोलतो.

१९९६ साली व्हार्गास योसानं आर्गेदासवर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणणं असं की त्याचं इंडियो जग हा कल्पनेतला जुनाट स्वर्ग, चांगला लेखक, पण चांगला कारण त्यानं छान खोटं रचलं. पुढं २०१० साली योसाला नोबेल मिळालं. थुंकीत कोळसा तोलणारा एस्तेबान कुठल्या जुनाट स्वर्गातला, हे त्याला विचारायचं राहिलं. २०२५ साली तोही गेला.

आणि मारिआतेगीनं सांगितलेलं ते इंडियोचं स्वतःचं साहित्य? तसं ते पहिल्यापासून होतं. वामान पोमा या इंडियोनं १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजाला जवळपास बाराशे पानांचं पत्र लिहिलं, ३९८ चित्रं काढून, आपल्या लोकांवरचे जुलूम दाखवत. ते १९०८ साली कोपनहेगनच्या राजवाड्याच्या ग्रंथालयात सापडलं. तीनशे वर्षं कोणी उघडलं नव्हतं. त्याची स्पॅनिशही मोडकी आहे असं पंडित म्हणत आले. पण ती त्याची स्वतःची मोडतोड होती.

१९७७ साली कुस्कोला ग्रेगोरियो कोन्दोरी मामानी या हमालाचं आत्मकथन निघालं. एका बाजूला केचुआ, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. त्याची बायको असुन्ता हिचंही त्यात आहे, आणि तिचा भाग छोटा असून जास्त जाळणारा आहे. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, आपल्याकडे 'बलुतं' आलं. दया पवारांच्या हातात पेन होतं. ग्रेगोरियोपुढं दोन संशोधक आणि टेपरेकॉर्डर. १९८३ साली ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेन्चूचं आत्मकथन आलं, तेही पॅरिसमध्ये टेपवर सांगितलेलं, आणि पुस्तकावर लेखक म्हणून नाव पडलं ते टेप करणाऱ्या एलिसाबेथ बुर्गोसचं. १९९२ साली रिगोबेर्ताला शांततेचं नोबेल मिळालं, आणि १९९९ साली एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं तिच्या गावी फिरून, कोणता भाऊ कसा मेला, तिनं खरंच डोळ्यांनी पाहिलं का, याचा तपास पुस्तक करून छापला.